घसरगाड्यांच्या सहलीचं संमतिपत्र

व्हर्लिन,

आईबापाला पोटच्या पोरीच्या जिवाहून मोठं काही नसतं, हे मला मान्य आहे. पण म्हणून चर्चच्या मुलांना शनिवारी टेकडीवर बर्फात घसरायला न्यायच्या संमतिपत्रात 'मृत्यू' हा शब्द पाच वेळा यावा?

पास्टरनी तुला चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या. तू पडलास विमा कंपनीतला. तीन पानं लिहिलीस आणि मला न दाखवता वाटूनही टाकलीस. "अवयव गमावल्यास चर्च जबाबदार नाही" हे वाचून कुठली आई सही करेल? काल जेवताना आपली सोन्या विचारते, "बाबा, मी मेले तर माझी घसरगाडी घरी कोण आणणार? ते लिहिलंच नाहीये." आणि तू ताटावरून मान वर न करता म्हणालास, "मुद्दा बरोबर आहे." पोरगी डिसेंबरपासून या शनिवारची वाट बघतेय. सहल रद्द झाली तर तिला तूच सांगायचंस.

मी दोन ओळींचं नवं पत्र लिहिलंय. आजच्या आज घरोघर फिरून त्यावर सह्या आणते. रात्रीच्या जेवणाची हॉटडिश ओव्हनमध्ये आहे, सहाला बाहेर काढ. हात भाजल्यास मी जबाबदार नाही.

मार्लिस

ता. क. सोन्याने चर्चमधून जमा पत्रांचा लखोटा आणलाय, तो मी निघता निघता उघडून पाहिला. बाकीच्या तेराही घरांच्या सह्या आल्यात. कुणी वाचलेलं दिसत नाही. फक्त आपल्या सोन्याच्या पत्रावर सहीची जागा कोरी आहे.