चुलीचा एक वाटा

आई, तुला वाचता येत नव्हतं ही एक बरीच सोय झाली म्हणायची. जिवंत असतीस तर हे कागद मलाच तुला वाचून दाखवावे लागले असते, आणि दुसऱ्याच ओळीला तू म्हणाली असतीस, "पुरं कर गं, भात करपतोय." आता करपायला भात नाही आणि तुला उठून जाताही येत नाही. तेव्हा ऐक गुमान. आज स्वयंपाकाची बाई आली नाही, म्हणून मीच भाकऱ्या थापायला बसले. दोन झाल्या आणि मनगट धरलं. मग गॅस बंद करून बसले नुसती, आणि बोईसरची आपली ती खोली आठवत राहिले.

कुडाच्या भिंती, वर पत्रे, मधोमध गोणपाटाचा पडदा. पडद्याच्या आत आपण दोघी, बाहेर खानावळ. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं आणि कुठकुठली माणसं तिथं येऊन पडली होती. आपले बाबाही साताऱ्याकडून त्याच कामावर आले आणि वर्ष व्हायच्या आत तापानं गेले. काका आपल्याला न्यायला आले तो दिवस मला लख्ख आठवतो. "वहिनी, चला घरी. तुमच्या दोघींच्या दोन भाकरी आम्हाला जड नाहीत." तू पदर डोक्यावर नीट घेतलास आणि म्हणालीस, "भाकरी जड न्हाई भावजी, पर तिच्यापायी भांडी लई घासावी लागत्यात." काका चहा न घेताच गेले. आठवड्याभरात तू चूल घातलीस आणि जेवणारे बसवलेस. लोक तुला मावशी म्हणायचे, पण मालकीणबाई म्हटलं की तुझी मान कशी ताठ व्हायची! नाही म्हणू नकोस, मी बघितलंय. कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी तू त्या धुरात डोळे जाळत होतीस. सगळ्यांचं झालं की चुलीपुढेच उकिडवी बसून उरलंसुरलं खायचीस. ताट म्हणून कधी घेतलं नाहीस.

मग ठेकेदाराचं काम थांबलं. का, ते कुणालाच नीट कळलं नाही. माणसं नुसती बसून, हातात पगार नाही. आणि एकेक जण जेवायला यायचा बंद झाला. सोलापूरचा तो फिटर, ज्याला तुझ्या हातच्या आमटीशिवाय घास उतरत नसे, तोही दिसेना. तो तुला नळावर सापडला, ओंजळीनं पाणी पीत. भर नळावर तू त्याला असं झापलंस की बायका घागरी ठेवून ऐकायला लागल्या. "उपाशी हिंडून माझ्या खानावळीचं नाव घालवतोस व्हय रं मुडद्या? लोक म्हनतील, हिच्याकडं खाऊन मानूस वाळला!" तो खाली मान घालून म्हणाला, "फुकट खायाला लाज वाटते हो मावशी." आणि तू रिकामीच घागर उचलून परत फिरलीस. कारण फुकट खाण्याची लाज काय असते, हे तुझ्याएवढं कुणाला ठाऊक होतं? पण सगळ्यांना पोसायचं म्हटलं तर डब्यात धान्य कुठं होतं? त्या वर्षांत रेशनवर तो परदेशी ज्वारीसारखा लाल मिलो मिळायचा, तोही पुरेसा नाही.

त्याच दुपारी नवापूरच्या किनाऱ्यावरची मासळीवाली आली. पाटी उतरवून आपल्या उंबऱ्यावर बसायची ना, तीच. चूल थंड बघून तिनं विचारलं, तू सगळं सांगितलंस. ती तंबाखू मळत म्हणाली, "तुमी घाटावरची लोका लय येडी, बाय. आमच्या होडीवर कोन फुकट नाय नि कोन शेट नाय. होडीचा एक वाटा, जाल्याचा एक वाटा, नि चडल त्या मानसाचा एक. म्हावरा गावला तर सगल्यांना, नाय गावला तर सगलेच कोरडे." तू विचारलंस, "आन आजारी पडला तर?" ती म्हणाली, "त्याचा वाटा घरी जातो. दर्या काय विचारतो काय, तुला ताप हाय का?" मी पडद्याआड पुस्तक घेऊन बसले होते. मला ते गमतीचं वाटलं. तू मात्र चुलीकडे बघत बोटांवर वाटे मोजायला लागलीस.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावलंस. चुलीचा नि भांड्यांचा मिळून एक वाटा, तो तुझा. राबेल त्याचा एकेक. ज्याच्याकडे रेशनकार्ड त्यानं धान्य आणायचं, वाणगावकडच्या डोंगरातला जो मजूर होता त्यानं लाकूडफाटा, ज्याला कुठं रोजंदारी मिळेल त्यानं तेलमीठ, आणि ज्याला काहीच नाही त्यानं पाळीनं रांधायचं, भांडी घासायची. पुरुषांनी! फिटर म्हणाला, "मावशी, मग खानावळ कुणाची?" तू म्हणालीस, "होडी कुनाची असती? चडंल त्याची." तो हसला, पण मला हसू आलं नाही. मी तुझ्याशी किती भांडले त्या दिवशी! दहावीत होते, स्वतःला फार शहाणी समजत होते. एवढी एकच वस्तू आपली, तीही वाटून मोकळी झालीस. उद्या हेच तुला हाताला धरून बाहेर काढतील, मग जा काकांच्या दारात. असंच बोलले मी. तू पीठ चाळत होतीस. म्हणालीस, "काडतील बी. पर आज ती उपाशी हायती." आणि चाळणी आपटलीस ती इतक्या जोरात की मला कळलं, घाबरलीयस तूही.

काय गोंधळ चालला तेव्हा! उत्तरेकडचा वेल्डर मासळीचा वास आला की नाकाला पंचा लावून दाराबाहेर पळायचा आणि तिथूनच ओरडायचा, "माताजी, हमारा दाल अलग!" फिटरनं आमटीत इतकं तिखट घातलं की डोंगरातला तो गडी, जो कधी तोंड उघडत नसे, तोसुद्धा म्हणाला, "पानी हाय का पानी?" तू कपाळाला हात लावायचीस. पण खायला मिळत होतं, रोज. पुढं काम परत सुरू झालं, पगार झाले. मला वाटलं, झालं, आता पुन्हा पहिल्यासारखं. तूही विचारलंस त्यांना, तसं करायचं का म्हणून. फिटर उठला आणि भांडी घासायला घेऊन गेला, कारण त्याची पाळी होती.

आणि पावसाळ्यात तू तापानं पडलीस. बाबांसारखाच ताप. मी उशाशी बसून होते. पडद्यापलीकडे ते सगळं करत होते. तू डोळे मिटून ऐकत राहायचीस. पहिल्या दिवशी परातीत कुणीतरी मिलोचं पीठ गार पाण्यात मळायला घेतलं. हाताखाली भाकरी फाटतेय, हे तुला नुसत्या आवाजावरून कळलं. तू तापात किंचाळलीस, "आदन टाका रं! उकळतं पानी घाला, भाड्यांनो!" पलीकडून वेल्डरचा आवाज, "माताजी ज़िंदा हैं!" आणि सगळे हसले. मीही हसले, रडता रडता. पण हळूहळू त्यांना जमायला लागलं. भाकरी थापल्याचा आवाज एकसारखा यायला लागला. एकदा भिंतीकडे तोंड करून म्हणालीस, "चालतंय की गं त्यांचं." एवढंच. मला सांगावंसं वाटलं, मी बोलले होते ना? पण तुझा चेहरा बघून नाही सांगवलं.

ताप उतरला त्या दिवशी तू भिंतीला धरत धरत बाहेर आलीस. चुलीपुढे फिटर बसला होता. तू म्हणालीस, "सर तिकडं. दे ती परात." तो म्हणाला, "आज माझी पाळी आहे मावशी." तू म्हणालीस, "मंजी? काडलंत मला?" आवाज असा आला की खोलीतले सगळे जागच्या जागी थांबले. फिटरचे पिठाचे हात वरच राहिले. डोंगरातला तो न बोलणारा गडी उठला, कोपऱ्यातलं दुमडलेलं गोणपाट आणलं, पंगतीत सगळ्यांच्या मधे अंथरलं आणि म्हणाला, "आये, बस. तुजा वाटा हाय." ताट वाढलं. तव्यावरून उतरलेली भाकरी, वाफ निघतेय, जाड, कडेला करपलेली. सगळ्यांची ताटं वाढलेली, पण कुणी हात लावेना. सगळे तुझ्याकडे बघत बसलेले. आई, लग्न झाल्यापासून तुझ्या ताटात दुसऱ्या कुणाच्या हातची गरम भाकरी पडली होती का गं कधी? तू एक तुकडा मोडलास. आमटीत बुडवलास, खाल्लास. तू म्हणालीस, "मीठ कमी हाय." आणि मग काय, नुसता हशा! त्या हशात तू पदरानं तोंड पुसत होतीस आणि डोळेही. ती भाकरी तू सावकाश, शेवटच्या करपलेल्या तुकड्यापर्यंत खाल्लीस. तुला बसून जेवताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. सुंदर दिसत होतीस. हे तेव्हाच सांगायला हवं होतं, पण आपल्यात कुठं असलं बोलायची पद्धत होती!

मग पुढची कितीतरी वर्षं चाललं ते. माणसं बदलली, खोली पक्की झाली, फिटर गावी गेला. मी लग्न होऊन पालघरला आले. तुझे हात वाकडे झाले, पीठ मळवेना, तरी तुझं ताट एक दिवस चुकलं नाही. मी म्हणायचे, माझ्याकडे राहायला ये. तू म्हणायचीस, "जावयाच्या दारात? आन तिथला माझा वाटा कुनी खायाचा?" मी चिडायचे. लोकांच्या हातचं आयतं खातेस, असंही एकदा बोलून गेले. तू रागावली नाहीस. "आयतं न्हाई बाई ते," म्हणालीस, "वाटा हाय." आणि माझ्या पाठीवरून तो वाकडा हात फिरवलास.

हे कुठं टाकणार पत्र? पेटी आहे कोपऱ्यावर, पण पत्ता काय लिहू? राहू दे इथंच, टेबलावर. एकच सांगायचं राहिलं. परवा नातीनं विचारलं, "आजी, तुझी आई काय करायची?" मी म्हणाले, "तिची स्वतःची खानावळ होती. मालकीण होती ती." नात म्हणाली, "वॉव!" वाटेकरी होती म्हणाले असते, तर तिला अख्खी दुपार समजावून सांगावं लागलं असतं. पण खरं कारण ते नाही. मालकीण म्हणायला मला अजून बरं वाटतं, आई. तुझी ती हौस कधीच फिटली होती, माझीच फिटली नाही.