माळवदावरची पांढरी

गुरुजी, लिहायला फार उशीर झाला, माफ करा. तुम्ही गेलात तेव्हा माझ्या मिशीत एकही पांढरा केस नव्हता, आता काठीशिवाय अंगणात जाता येत नाही. एवढ्या वर्षांत तुम्हाला चार ओळी लिहिणं झालं नाही, आणि आज लिहितोय तेही रागापोटी.

धाकट्यानं घर पाडायला काढलंय. स्लॅब टाकायचा आहे. त्याला माझी ना नाही. मातीचं माळवद गळतं, यंदा सुनेनं स्वयंपाकघरात तीन ठिकाणी पातेली लावली होती. पण माळवदावरची हातभर जाडीची पांढरी माती सोमवारी ट्रॅक्टरनं उचलून रस्त्याकडेच्या खड्ड्यात ओतायची, हे मला सोसवत नाही. ती आधी चाळा, एवढंच माझं म्हणणं, आणि तेवढ्यावरून सगळ्यांनी मला खुळ्यात काढलंय.

ती माती कुठली हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? आपल्या तेरच्या टेकाडांच्या पोटात जुनं गाव गाडलेलं, त्याच्या राखेची, विटांची, फुटक्या मडक्यांची ती पांढरी. तिच्यातून पाणी झिरपत नाही म्हणून बापजादे ती खणून घरावर टाकत आले. वडील आणि मी बैलगाडीनं घरोघर ती पोचवायचो, तेच आमचं काम. सुट्टीच्या दिवशी तुम्ही टेकाडाच्या कडेला छत्री उघडून बसायचात. खणू नका असं कधी म्हणाला नाहीत, घरं गळत होती हे तुम्हाला दिसत होतं. फक्त विचारायचात, "कुठल्या अंगाची? कुणाच्या घराला?" आणि वहीत टिपून ठेवायचात. लोक टोमणे मारायचे, "गुरुजी, मातीचा सातबारा काढताव व्हय?" तुम्ही म्हणायचात, "व्हय. घरं पडतील त्या दिवशी लागंल."

एकदा माझी कुदळ एका रांजणाला बसली आणि त्याच्या खापऱ्या झाल्या. शाळेतही तुमचा आवाज कधी चढला नव्हता, त्या दिवशी चढला. "हात आहेत का खूर?" मी चौथीतच शाळा सोडलेला बाप्या, लग्न झालेला, चार माणसांत मान खाली घालून उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी तुम्ही बारीक तारेची नवी चाळण आणून माझ्या हातात दिलीत. रांजणाचं नावही काढलं नाहीत.

त्याच चाळणीतला तो दिवस मला अजून दिसतो. आई भाकरी घेऊन टेकाडावर आलीय. चाळणीत रुपयाएवढी भाजल्या मातीची चकती उरलीय, तिच्यावर मोठ्या नाकाचा एक माणूस, वरच्या कडेला दोन भोकं. तुम्ही ती तळहातावर घेऊन सांगताय, की समुद्रापलीकडं रोम म्हणून राज्य होतं, तिथल्या राजाचं नाणं बघून आपल्याच कुंभारानं हे मातीत उठवलंय, गळ्यात घालायला. इथलं कापड गाड्यांनी भडोचच्या बंदराला जायचं आणि तिथून जहाजानं पार तिकडं. आई ऐकून घेते आणि म्हणते, "म्हंजी तिकडं सोन्याचा आन् हितं आला की आमच्यावाणी मातीचा." तुम्ही इतके हसलात की छत्री कलंडली.

मागच्या आठवड्यात जिल्ह्याच्या गावी जुन्या वस्तूंच्या कचेरीत गेलो होतो. दोन तास बाकावर बसवलं. साहेब तरणे, बोलायला गोड. म्हणाले, "आजोबा, जागेवरून हललेल्या मातीतून काही कळत नाही. टेकाडाच्या कुठल्या भागातली, ते लेखी आहे का?"

"आमच्या गुरुजींनी लिहिलं होतं."

"मग ती वही आणा. दुसऱ्या दिवशी माणूस पाठवतो."

"मी तोंडी सांगतो की."

"तोंडी काय, कुणीही सांगेल, आजोबा."

तसाच तणतणत एस.टी.नं परत आलो, तर टेकाडापाशी शाळेची सहल उतरलेली. त्यांचे सर पोरांना सांगत होते, इथल्या लोकांनी अडाणीपणानं टेकड्या खाऊन टाकल्या. माझ्यानं राहवेना. मी म्हणालो, "खाल्ल्या न्हाईत, सर. डोक्यावर धरल्या." पोरं हसली. हसू द्या. पण तेरणेच्या पुरानं किती नेलं, यंत्रानं एका दिवसात किती नेलं, त्यांना लेखी कुणी मागितलं? आम्ही टोपलीटोपलीनं नेली आणि नीट पसरून ठेवली, दरसाल तिची डागडुजी केली. त्यात जे होतं ते तिथंच आहे. आणि अडाणी कोण, तर आम्ही.

घरात तरी ऐकावं कुणी? धाकटा म्हणतो, "आबा, मणी निघाले तर छत गळायचं थांबंल व्हय?" सून म्हणते, "मामंजी, चाळायची एवढी हौस असंल तर कोठीतलं पीठ चाळून द्या." शेवटी गवंड्याकडून वाळूची चाळण मागून आणली आणि शिडीवर कुणी चढू देईना म्हणून नातवाकडून स्वयंपाकघरावरच्या दोन टोपल्या खाली उतरवून घेतल्या. शंखाच्या बांगडीचा तुकडा निघाला, हिरवे दोन मणी निघाले. ते कागदात बांधले आणि वर लिहायला पेन घेतलं, तर हात अडला. आमच्या घरावर दोन खेपांना माती आलेली, एकदा नदीच्या अंगाची, एकदा माळाकडची. स्वयंपाकघरावर कुठली पडली ते मला आठवत नाही. रोज वेगळं वाटतं. साहेबाला मी छातीठोक म्हणालो होतो, तोंडी सांगतो.

वही तुम्ही शेवटच्या दुखण्यात माझ्याकडेच दिली होती, हे मी कचेरीत सांगितलं नाही. कुठंच सांगितलं नाही. भूकंपानंतर माळवदाखाली झोपायची कुणाची छाती होत नव्हती. आम्ही पत्र्याच्या आडोशाला होतो, पाऊस लागलेला, लाकडं ओली. लोक भीतीनं माळवदं उतरवत होते. मला वाटलं, आता घरंच राहणार नाहीत, तर ही वही कुणाला हवी? आमच्या हिनं चुलीसाठी कागद मागितला आणि मी पानं फाडून देत गेलो. चार दिवस पुरली. मी तिच्यातली एक ओळही वाचली नाही, गुरुजी.

हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा ते मला ठाऊक नाही. पण आमच्या घराची तेवढी ओळ तुम्हाला आठवत असेल. स्वयंपाकघरावर नदीकडची का माळाकडची, एवढंच. सोमवारी ट्रॅक्टर येतोय. त्याच्या आत कळवा.