फुली मारलेली जागा

४ ऑक्टोबर, सोमवार

उघडली एकदाची! दीड वर्षानं शाळेच्या फाटकाचं कुलूप निघालं. निघालं म्हणजे काय, शिपाईमामांनी तेल घातलं, हातोडी घातली, शेवटी दोन शिव्या घातल्या, तेव्हा कुठे निघालं.

आज फक्त नववी-दहावी. अकराला पाचवी ते आठवी. अठराला लहान वर्ग – म्हणजे माझी दुसरी. मोठ्या बाईंनी (मुख्याध्यापिका, आम्ही सगळे मोठ्या बाईच म्हणतो) तसा कागदच फलकावर लावलाय. मी तो तीनदा वाचला. अठरा ते तीस. तीसला मी निवृत्त. रविवार वगळून बारा दिवस मिळतात. पुरे झाले.

या सव्वीस पोरांना मी पहिलीपासून शिकवतेय आणि एकालाही अजून पाहिलेलं नाही. पाहिलंय ते फोनच्या स्क्रीनवर, डोळे आणि कपाळ तेवढं. कुणाची उंची किती, कोण पळताना धडपडतं, कुणाच्या चपला उलट्या – काही म्हणता काही माहीत नाही. तीस वर्षांत असा वर्ग मिळाला नव्हता. आणि जायच्या आधी बघायचाय. बास, एवढंच मागणं आहे.

५ ऑक्टोबर

सकाळी आठला स्वयंपाकघरातून तास, अकराला शाळेत. रोज पहिलं वाक्य ठरलेलं: "माझा आवाज येतोय का?" मग सव्वीस तोंडं एकदम – "येतोय बाई!"

आज संध्याकाळी भांडी घासताना तेच वाक्य तोंडातून गेलं. रिकाम्या घरात! स्वतःशीच हसले. मग हसू आलं नाही.

७ ऑक्टोबर

अक्षर चांगलं असणं हा गुन्हा आहे. तीस वर्षं शाळेतला प्रत्येक फलक माझ्या गळ्यात. आजची पाटी: "शाळेशी संबंध नसलेल्या व्यक्तींना आत प्रवेश नाही." ठळक, लाल. मामांनी फाटकाला लावली आणि दोन पावलं मागे जाऊन म्हणाले, "बाई, छापल्यासारखी आली!"

मग फुल्या. एका बाकावर एकच मूल बसणार, म्हणून प्रत्येक बाकाच्या उजव्या अर्ध्या भागावर पिवळ्या चिकटपट्टीची फुली – इथे कुणी बसायचं नाही. सव्वीस बाक मावावेत म्हणून आम्हाला चित्रकलेची मोठी खोली मिळालीय. मामा पट्टी फाडत होते, मी चिकटवत होते. "फुल्या घालून घालून माझे गुडघे गेले," मामा म्हणाले. गुडघे माझे टेकलेले होते. मामा आरामात उभे!

९ ऑक्टोबर, शनिवार

बैठक ठरवली. माझ्या स्क्रीनवर पोरं ज्या क्रमानं दिसतात त्याच क्रमानं बाकांवर नावं लावली. घोरणाऱ्या आजोबांचा नातू पहिल्या रांगेत डावीकडे, त्याच्या शेजारी पंखेवाली (दीड वर्ष फक्त छतावरचा पंखा आणि दोन वेण्यांची टोकं दाखवते). त्यांच्या मागच्या रांगेत टेबलाखाली बसून शिकणारा. म्हटलं, नव्या खोलीत बुजायला नकोत. ओळखीचा शेजार असलेला बरा.

सुबक काम झालं. कुणाला तरी दाखवावंसं वाटलं. मामा घरी गेले होते.

१२ ऑक्टोबर

हसं झालं! चांगलं खोलीभर.

नवी बाई आली होती – चोवीस वर्षांची असेल, तिला सगळे वायरवाली म्हणतात, कारण टाळेबंदीत सगळ्यांचे फोन तिनंच चालू करून दिले. माझ्यानंतर वर्ग तिच्याकडेच जाणार. बैठक बघून म्हणाली, "बाई, हा क्रम कुठला?" म्हटलं, "पोरं बसतात तो." ती हळूच म्हणाली, "अहो, तो फक्त तुमच्या स्क्रीनवरचा. प्रत्येकाच्या फोनवर वेगळा असतो. स्वतःचा चौकोन पहिला, आणि जो बोलत असेल त्याचा शेजारी. म्हणजे प्रत्येकाच्या शेजारी तुम्हीच!"

मी मात्र दीड वर्ष आजोबांच्या नातवाला दटावत होते, "शेजारणीशी बोलू नकोस!" तो बिचारा गोंधळून इकडेतिकडे बघायचा. शेजारी कोण दिसणार त्याला? मीच की!

वायरवाली पोट धरून हसली. मीही हसले, पण घरी आल्यावर चिडचिड झाली. नावं तशीच ठेवलीत. आता काढत बसत नाही.

१४ ऑक्टोबर

दादाचा फोन. "जेवलीस का? तब्येत? बरं, ठेवतो." सव्वा मिनिट. निवृत्तीनंतर इकडे ये म्हणाला. मागून वहिनीचा आवाज आला, मग म्हणाला, "म्हणजे, चार दिवस."

आई गेल्याला आता दहा महिने होतील. तास चालू असायचा तेव्हा ती माझ्या मागे खुर्चीवर बसून वाटाणे सोलायची. पोरांनी एकदाच विचारलं होतं – "बाई, मागच्या आजी कुठे गेल्या?" पंखेवालीनंच. मी म्हटलं, "आज नाहीत." पुन्हा कुणी विचारलं नाही. पण त्या दिवशी तास संपल्यावर पंखेवाली गेलीच नाही. पंखा फिरत होता. पाच-सहा मिनिटं आम्ही दोघी तशाच, काही न बोलता. मग तिच्या आईनं फोन बंद केला असावा.

त्या दिवशी मला दुसरं कुणी भेटायला आलं नव्हतं.

१६ ऑक्टोबर, शनिवार

दहावीचे विज्ञानाचे सर बाधित निघाले. शाळा चौदा दिवस बंद. लहान वर्ग आता १ नोव्हेंबरला.

एक नोव्हेंबर!

१७ ऑक्टोबर

दिवसभर कुणाशी बोलले नाही. रविवारी बोलत नाहीच म्हणा, पण आज ते टोचलं.

बाबांवर राग काढला. मला शाळेत लवकर घालायचं म्हणून त्यांनी माझं वय चार महिन्यांनी वाढवून सांगितलं. गुरुजींनीही लिहून घेतलं. बाबांना केवढा अभिमान – "पोरगी वर्षभर आधी शिकायला लागली!" खरा वाढदिवस फेब्रुवारीतला. खरं सांगितलं असतं तर मी अजून चार महिने शाळेत असते. ज्या शाळेसाठी खोटं बोललात, बाबा, त्याच शाळेतून लवकर काढलंत की मला!

ते असते तर हसले असते. मला हसायला येत नाहीये.

१९ ऑक्टोबर

मोठ्या बाईंना शाळेच्या फाटकाशीच गाठलं. भीड बाजूला ठेवली. म्हटलं, "एक दिवस आधी बोलवा ना. शनिवारी. तासभर फक्त. मैदानात उभं करून बघते, शिवणारसुद्धा नाही."

"बाई, मला कळत नाही का? पण आदेश वरून येतो. उद्या एखाद्या मुलाला काही झालं तर तुम्ही-आम्ही काय तोंड दाखवणार?"

खरं आहे. त्यांचं खरं आहे, हाच तर त्रास आहे. खोटं असतं तर भांडले असते. "मग एकला येते, दाराशी उभी राहते," म्हटलं. त्या पाटीकडे बघत म्हणाल्या, "एकपासून तुम्ही…" आणि वाक्य सोडून दिलं. सोडायची काय गरज? वाचता येतं मला. मीच लिहिलीय.

२५ ऑक्टोबर

आज पाढे. टेबलाखालच्यानं सहाचा पाढा न अडखळता म्हटला. टाळ्या वाजवल्या, एकटीनंच.

३० ऑक्टोबर, शनिवार

शेवटचा दिवस.

सकाळचा तास. ठरवलं होतं, आज सांगायचं. "माझा आवाज येतोय का?" – "येतोय बाई!" – आणि सांगायचं सोडून वीस मिनिटं चित्रं काढायला लावली. शेवटी कुणीतरी ओरडलं, "बाई, सोमवारी शाळेत! तुम्ही खऱ्या दिसणार!" सगळी ओरडायला लागली. नवीन दप्तरं कॅमेऱ्यासमोर आली. मला सांगायचं होतं – मी नसणार रे, दुसऱ्या बाई असतील, चांगल्या आहेत. तोंडातून काय निघालं? "हो. सोमवारी."

तीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं.

दुपारी शिक्षकखोलीत निरोप. पाच जण मास्क लावून लांब लांब बसलेले, बाकीचे स्क्रीनवर. भिंतीवरचं घड्याळ दिलं. मोठ्या बाई चांगलं बोलल्या. मग मी उठले बोलायला, तर स्क्रीनवरचे सगळे हात हलवायला लागले: "बाई, आवाज येत नाहीये!" वायरवाली धावली, पण तोवर माझं बोलून झालं होतं. पुन्हा कोण बोलतंय!

घड्याळ आईच्या खुर्चीवर ठेवलंय. खिळा ठोकायचं जिवावर आलंय.

१ नोव्हेंबर, सोमवार

नाही नाही म्हणत गेलेच. साडेसातलाच. फाटकासमोरच्या वह्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिले.

मामांनी पाहिलं. "बाई, अहो या की आत!" मी पाटीकडे बोट केलं. मामा पाटी वाचल्यासारखं करून मान खाली घालून पुन्हा ताप मोजायच्या यंत्राशी खेळत बसले.

पोरं आली. एवढीएवढीशी! मी उगाच मोठी समजत होते. सगळ्यांच्या तोंडाला मास्क. मला वाटलं होतं मी क्षणात ओळखेन – डोळे, कपाळ, तेवढंच तर बघितलंय. एकालाही ओळखलं नाही. दोन वेण्यांच्या चार जणी गेल्या. त्यातली कुठली माझी? एक पोरगा माझ्यापासून तीन पावलांवर थांबला, बुटाची नाडी बांधली, माझ्याकडे बघितलं आणि गेला. मास्क लावून उभी असलेली म्हातारी, दुसरं काय दिसणार त्याला?

बोलले असते तर आवाज ओळखला असता. पण काय बोलणार होते? "सोमवारी भेटू म्हटलं होतं, भेटले, जाते आता"?

घंटा झाली. फाटक लागलं. आठ वाजले होते – माझ्या तासाची वेळ. घरी येऊन फोन उघडला. तासाची खोली तशीच होती. आत गेले. एकच चौकोन. माझा.

फार एकटं वाटतंय. लिहून टाकते, म्हणजे झालं.

२ नोव्हेंबर, मंगळवार

दहाला वायरवालीचा फोन. "बाई, यांना काय शिकवून ठेवलंय तुम्ही? कालपासून भांडणं मिटत नाहीयेत!"

मागे नुसता कल्लोळ. म्हटलं, काय झालं?

काल फुलीवर एकानं दप्तर ठेवलं, तर पंखेवाली त्याच्यावर खेकसली – उचल ते, ती बाईंची जागा आहे, बाई माझ्या शेजारी बसायच्या म्हणून माझ्या शेजारी खूण केलीय. त्यावर आजोबांचा नातू उठला. तुझ्या कशा? बाई माझ्या शेजारी बसतात! मग टेबलाखालचा. मग सगळी. प्रत्येकाला पक्कं ठाऊक, दीड वर्ष बाई आपल्याच शेजारी बसत होत्या. आज तर कुणी फुलीवर बोटसुद्धा ठेवू देत नाहीये. सव्वीस जागा पुसून-बिसून तयार. एकीनं तिथे खडू ठेवलाय.

मोठ्या बाईंनी फोन घेतला. "संबंध नसलेल्यांना प्रवेश नाही, असं लिहिलंय ना तुम्ही? तुमचा आहे. उद्या आठला या आणि हे मिटवा."

आठला जायचंय. सव्वीस बाक. कुणापासून सुरुवात करू?