पप्पा गेल्यावरही तू गायलीस

मम्मी, तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा म्हणून मी हे लिहीतही नाहीये. इथे ओमानमध्ये, खाबुऱ्याजवळच्या हायवेवर पप्पांची डिलिव्हरी व्हॅन ट्रेलरखाली गेली तेव्हा मी दहावीत होते. वसईला त्यांची माती करून आपण सीबच्या घरी परत आलो आणि पहिल्याच शुक्रवारी, इथल्या सुटीच्या दिवशी, तू आकाशी ड्रेस घालून मिस्साला निघालीस. काळा नाही, आकाशी. कॉयरच्या पुढच्या रांगेत उभी राहून गळा मोकळा सोडून गायलीस. मागच्या बाकावरच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. मी मान खाली घालून चपलेचा पट्टा बघत बसले. बाईचा नवरा मेलाय की हिला बक्षीस लागलंय, असंच त्यांना वाटत असणार. मला तरी तसंच वाटलं.

पप्पांच्या कंपनीचा व्हिसा संपत आला होता. वसईची आजी रोज स्काइपवर रडायची, परत या म्हणायची. तू सूकच्या बाजारातल्या ज्या दुकानात अबाया शिवायचीस, त्याच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, म्हातारा होता बिचारा, खूप खेटे घालून आपल्या दोघींचा व्हिसा करून दिला. त्या संध्याकाळी घरी येते तर स्वयंपाकघरात तेलाचा वास. नाताळला करतो तशा फुग्या तू तळत होतीस.

"पप्पा मेलेत," मी म्हणाले, "आणि तू फुग्या तळतेस?"

"कोण गेलंय ते मला ठाऊक आहे," तू झारा खाली न ठेवता म्हणालीस. "आज देवाने आपल्याला रस्ता दाखवला. त्याचे आभार नको मानायला?"

"एवढे रस्ते दाखवतो, तर त्या दिवशी खाबुऱ्याला कुठे होता तो?"

तू वळलीस. मला वाटलं, मारशील. मारायला हवं होतंस. "तिथेच होता," तू म्हणालीस. "पप्पांजवळ." आणि एक गरम फुगी माझ्या हातावर ठेवलीस. मी तुझ्यासमोर ती कचऱ्याच्या डब्यात टाकली. तू पुढचा घाणा तेलात सोडलास.

मला तुझा आनंद नको होता गं, सोबत हवी होती. एक दिवस तरी माझ्याबरोबर जमिनीवर बसून ऊर बडवून रडली असतीस, तर मी तुझ्या देवालाही माफ केलं असतं. पुढे तुझ्या छातीत गाठ निघाली, तेव्हाही तेच. वसईच्या हॉस्पिटलात केस गेलेल्या डोक्याला स्कार्फ बांधून तू नर्सला चिडवतेस, शेजारच्या बाईसाठी प्रार्थना करतेस, आणि मी खुर्चीत दात आवळून बसलेय. "भीती वाटते मला," तू एकदाच म्हणालीस, "पण मी दुःखी नाहीये, बाय." मी त्याला नाटक म्हटलं. तोंडावर म्हटलं. तू हसलीस. ते हसणंही मला सहन झालं नाही.

आता मी पुन्हा सीबमध्येच आहे. नवरा हॉटेलात कामाला. गेल्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं. त्यानंतर आम्ही दोघं घरात एकमेकांना चुकवत होतो. मग एका दुपारी त्याने मला बरं वाटावं म्हणून किंगफिश तळायला घेतला आणि मसाल्याऐवजी चहाची पावडर चोळली. तव्यातून धूर, अलार्म बोंबलतोय, हा टॉवेल फिरवतोय, आणि वरून मलाच ओरडतो, "यल्ला, लवकर खिडकी उघड!" मी खिडकी उघडायला गेले आणि तिथेच खाली बसून हसत सुटले. तोही आला, शेजारी बसला. हसता हसता आम्ही रडायला लागलो, पण हसू थांबेना. बाळ गेलेलंच होतं. तरी हे नाटक नव्हतं. माझ्या पोटातून आलं होतं ते, त्याच पोटातून.

म्हणून तू बरोबर होतीस असं समजू नकोस. मी अजून मिस्साला जात नाही, आणि हे पत्र कपाटात जाईल, तुझ्या कबरीवर नाही. फक्त एवढंच: त्या धुरात, त्या जमिनीवर आम्ही दोघंच नव्हतो. तिसरं कोण होतं, ते मी लिहिणार नाही; फुग्या तळताना तू ते एकदा सांगितलं होतंस.