मधल्या सुट्टीची वेळ

ता. ४ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीचा गुडघा आता बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. शिवणाच्या मशीनला तेल घालतोस तितक्या नेमाने तिला औषध देत जा.

माझा सातवीचा वर्ग छान चालू आहे. चाळीस मुलं, घरी बोलायच्या भाषा सहा, दंगा मात्र सगळी एकाच भाषेत करतात. काळजी एकच. लाँड्रीवाल्यांची थोरली लेक रविवार सोडून सतरा दिवस आलेली नाही. तीस दिवस भरले की ऑफिस पटावरून नाव काढतं, आणि काढलेलं नाव परत आलेलं मी अजून पाहिलेलं नाही. पोरगी गणितात हुशार. भाषा तेवढी नवी, आणि उंची अशी की मुलं शिडी म्हणतात. त्याआधी आईचा हात इस्त्रीच्या वाफेने भाजला म्हणून आठ दिवस दुकान सांभाळत होती. परतली तेव्हा मी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. परत आलेल्या मुलाचं असं स्वागत करायचं ही माझीच पद्धत, मुख्याध्यापिकाबाईंनी कौतुकही केलं होतं. तर दुसऱ्या दिवसापासून बाईसाहेब पुन्हा गायब! आता आईचा हात बरा आहे. तीनदा घरी गेले, मदतीचे फॉर्म नेले, भाषण दिलं. वडील प्रत्येक वाक्याला मान डोलावतात आणि पोरगी आतल्या खोलीत निघून जाते. पण मी काही हात टेकणारी नव्हे.

आणि हो, ज्यांची शाळा अर्धवट सुटली अशा मोठ्या माणसांचा वर्ग आमच्याकडे शनिवारी भरतो. मागच्या पत्रातही लिहिलं होतं, तू त्यावर अवाक्षर काढलं नाहीस.

लोभ आहेच, तो तिकडूनही वाहता ठेव.

तुझी,
ठकू


ता. ८ ऑगस्ट

चि. ठकूस,
अ. उ. आ.

औषधाची आठवण नवऱ्याला नाही, नणंदेला झाली, असं तुझी वहिनी दिवसातून तीनदा ऐकवते. त्यामुळे तुझे आभार मानत नाही.

पत्र वाचताना टाळ्यांपाशी अडलो. तू चांगल्या मनाने केलंस ग, पण तिथेच घोडं पेंड खातंय.

मी सातवीत शाळा का सोडली हे घरात सगळे सांगतात. याला शिवणाची हौस! खरं काय ते आज पहिल्यांदा लिहितो. मला गालगुंड झालं होतं, तीन आठवडे घरी होतो. परत गेलो तर मास्तर दारातच म्हणाले की पाहुणे आले, बसायला द्या. माणूस वाईट नव्हता, प्रेमानेच म्हणाला. वर्ग हसला. दारापासून माझ्या बाकापर्यंत नऊ पावलं होती, ती अजून विसरलो नाही. दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन निघालो तो थेट बाबांच्या दुकानात जाऊन बसलो. बाबांना वाटलं, पोराला धंद्याची गोडी लागली. शाळेतून कुणी विचारायला आलं नाही. शाळा सोडणं सोपं असतं, परत जाणं जड जातं.

उसवलेल्या जागी टाका घालताना आम्ही कापड उलटं करतो. वरून घातला तर आल्यागेल्याला तोच दिसतो. तेव्हा फॉर्म घरी ठेव. तिला हजेरीच्या वेळी बोलावू नको, मधल्या सुट्टीत बोलाव, कुणीच जागेवर नसतं तेव्हा. आणि कुठे होतीस असं कुणी विचारायचं नाही. तूसुद्धा.

तुझा,
दादा


ता. १९ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग त्या मास्तरांवर रागावले, मग तुझ्यावर, आणि मग कामाला लागले. चाळीस वर्षं पोटात ठेवलंस आणि आम्ही तुझ्या हौसेची थट्टा करत राहिलो, याचं फार वाईट वाटलं.

वर्गाचे पडदे उतरवले आणि गिऱ्हाईक म्हणून लाँड्रीत गेले. पोरीनेच पावती लिहिली. मी तिला हळूच सांगितलं की टाळ्या ही माझी चूक होती, पुन्हा होणार नाही. ती पडद्यांच्या घड्या घालत राहिली. पडदे मंगळवारी मधल्या सुट्टीत वर्गात हवेत आणि टांगायला उंच माणूस हवं, एवढं सांगून निघाले. इकडे वर्गालाही ताकीद दिली.

काल मंगळवार, रविवार सोडून एकोणतिसावा दिवस. सुट्टी संपत आली तरी तिचा पत्ता नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मग दारात गठ्ठा दिसला आणि त्याच्या वर तिचं डोकं. स्टुलावर न चढता तिने चारही पडदे टांगले. घंटा झाली, मुलं धडपडत आत आली, जो तो आपल्या जागी बसला. तीही बसली. शेजारणीने वही उघडून तिच्याकडे सरकवली. मी फळ्याकडे वळून अपूर्णांक लिहायला घेतले, कारण डोळे भरून आले होते. डोळ्यांत पाणी असताना लिहिलेलं गणित चुकणारच. ती चूक तिनेच दाखवली.

आज सकाळी ती हजेरीला होती. ऑफिसात स्वतः जाऊन तिचं नाव पटावर पाहून आले.

टाळ्या कायमच्या बंद. माया अशीच राहू दे, आणि पोटात काही ठेवत जाऊ नकोस.

तुझी,
ठकू


ता. २४ ऑगस्ट

चि. ठकूस,
अ. उ. आ.

पोरीला माझे आशीर्वाद. मनातल्या मनात दे, वाजवून नको. खिडक्यांची मापं पाठव, पुढचे पडदे मी शिवीन.

शनिवारच्या वर्गाचं तू दोनदा लिहिलंस आणि दोन्ही वेळा मी वाचलंच नाही असं दाखवलं. वहिनीने मात्र वाचलं. परवा तिने एक कोरी वही आणून माझ्या मशीनवर ठेवली. कापड कापताना ती वही उचलून बाजूला ठेवतो आणि काम झालं की परत जागेवर ठेवतो. तुझ्या शाळेपर्यंत बसने दीड तास लागतो, त्याचं काही नाही.

शनिवारी मधली सुट्टी किती वाजता होते, तेवढं उलट टपाली कळव.

तुझा,
दादा