स्मियातली शिट्टी

१४ जानेवारी, दुपारी ३
स्मिया क्लबची साउंड इंजिनिअर म्हणून आजपासून मी कायम. मालक गाउतेने पत्र दिलं. तळघरातल्या क्लबात अजून कोणी नाही. एक बारीक शिट्टी मात्र ऐकू येते. सलग, सहा हजार हर्ट्झच्या आसपास. दिव्यांचा पॉवर सप्लाय असणार. आठवड्यात सापडेल.

१५ जानेवारी
बार सांभाळणाऱ्या ओद्नीला काही ऐकू येत नाही. ती म्हणाली, तोरलाइफ वायरी गुंडाळताना शिट्टी वाजवायचा, तोच आला असेल तुझं काम बघायला.
तोरलाइफ माझ्या आधी इथे बावीस वर्षं होता. मी त्याच्याच हाताखाली शिकले. गेल्या मे महिन्यात मी गाउतेला मोजमापांसह अहवाल दिला: तोरलाइफ ट्रेबल सहा डेसिबल जास्त ठेवतो, कारण ते वरचे स्वर त्याला ऐकू येत नाहीत. गाउतेने त्याला घरी बसवलं. नोव्हेंबरात तो वारला.
अहवाल अचूक होता. पुन्हा लिहिण्याची गरज नाही.

१९ जानेवारी
पद्धतशीर तपासणी. दिवे बंद, फ्रीज बंद, साउंड मिक्सर बंद, शेवटी मेन स्विच. मिट्ट काळोख. शिट्टी चालूच.
निष्कर्ष: शेजारच्या बेकरीतून येते.
बारमधला बर्फ वितळला. ओद्नी मला ‘यंत्रबाई’ म्हणाली.

२३ जानेवारी
बेकरी दुपारी बंद असते. मोजणीचा माईक लावला. सहा हजारावर काहीच नाही, सपाट रेघ. माईक बिघडला आहे. नवा मागवला.

२ फेब्रुवारी
नवा माईकही बिघडलेला. एकाच कारखान्यातले.

८ फेब्रुवारी, रविवार
स्की घेऊन जंगलात गेले. कान ताजे करायचा बेत. वारा नाही, माणूस नाही, गुडघाभर बर्फ. पावाला तपकिरी चीज लावून एका बुंध्यावर बसले. शिट्टी तिथेही होती.
टेकडीमागून विजेच्या तारा जात असणार. नकाशात नाहीत. नकाशा जुना आहे.

११ फेब्रुवारी
आजची गायिका सुन्निवा साउंड चेकच्या मध्येच थांबली. म्हणाली, माझा प्रत्येक ‘स’ सुईसारखा टोचतोय, झांजा तर ऐकवत नाहीत. मी म्हणाले, स्टेजच्या दगडी भिंतींमुळे तसं वाटतं. ओद्नीने सांगितलं, हल्ली लोक काउंटरवरच्या वाडग्यातले इअरप्लग दोन-दोन जोड्या नेतात. मी स्वतः कधीच घालत नाही. कान झाकून आवाज मिसळणं म्हणजे नाक दाबून स्वयंपाक.
गाउते माझ्या मागे बराच वेळ उभा होता. जाताना एवढंच म्हणाला, “हे तोरलाइफच्या शेवटच्या वर्षासारखं ऐकू येतंय.”
अहवाल अचूक होता.

१३ फेब्रुवारी, दुपारी ४
वायरींच्या खुंट्यांपाशी शिट्टी जास्त स्पष्ट. तोरलाइफने शिकवल्याप्रमाणे आठच्या आकड्यात वायर गुंडाळत होते. मागे कोणी तरी उभं आहे असं वाटलं. वळून पाहिलं नाही. मोठ्याने म्हणाले, “तोरलाइफ, बस झालं आता.”
ओद्नी पेट्या घेऊन जिन्यात उभी होती. तिने विचारलं, “मग? काय म्हणाला?”
माईक तपासत होते असं सांगितलं. माईक लावलेला नव्हता. ती नेहमीसारखी हसली नाही.

१८ फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. बाकी सगळे स्रोत वगळले आहेत. भूत हे तात्पुरतं गृहीतक म्हणून स्वीकारते. त्याचा एक फायदा आहे: भूत असेल तर माझे कान शाबूत आहेत.
मिक्सरच्या कडेला तोरलाइफ ठेवायचा तिथे काळी कॉफी ठेवली. त्याला सांगितलं, राहायचं तर राहा, फक्त साउंड चेकच्या वेळी नको.
तो ऐकत नाही. जिवंतपणीही ऐकत नसे.

२० फेब्रुवारी
गाउतेने कानांच्या तपासणीची चिठ्ठी दिली. सगळ्यांचीच असते, म्हणाला. ओद्नीला मिळालेली नाही. ठीक आहे. पूर्ण गुण मिळवून चिठ्ठी त्याच्या टेबलावर ठेवीन.

२६ फेब्रुवारी, सकाळी ११
स्पंज लावलेली छोटी खोली, जाड दार, हेडफोन. तपासणारे गृहस्थ ब्रिन्युल्फ, वयस्कर, हळू बोलणारे. नियम सोपा: स्वर ऐकू येईल तेव्हा बटण दाबायचं, ऐकू येईल तोवर धरून ठेवायचं. तोरलाइफलाही याच खुर्चीत बसवलं होतं का, हे विचारलं नाही.
दार लागलं. पहिल्याच क्षणी स्वर आला. दाबलं. स्वर हलला नाही, मीही हलले नाही. अंगठा दुखू लागला तरी सोडलं नाही. इतकी सोपी तपासणी असेल असं वाटलं नव्हतं.
बऱ्याच वेळाने दार उघडलं. मी सांगितलं, सहा हजार हर्ट्झ, अगदी स्वच्छ, एकदाही तुटला नाही.
ब्रिन्युल्फच्या हातात कॉफीचे दोन कप होते. त्यांनी ते खाली ठेवले.
“बाळ,” ते म्हणाले, “मशीन मी अजून सुरूच केलेलं नाही.”
मग माझा अंगठा बाजूला करून बटण काढून घेतलं.