मेळाव्याचा प्रभारी

३ फेब्रुवारी
आयुक्तांनी बोलावलं. यंदा ‘शहर सेवा मेळावा’ भरवायचा. रस्ते, पाणी, ड्रेनेज, कचरा, दिवाबत्ती, सगळी खाती एका मैदानात; नागरिकांनी यायचं, बघायचं, कौतुक करायचं. प्रभारी कोण? मी. तसा मी वर्षानुवर्षं प्रभारी उपअभियंताच आहे. खुर्ची साहेबाची, पगार कनिष्ठाचा. मेळावा नीट झाला तर कायम करण्याचा विचार करू, म्हणाले. म्हणजे झालंच. एवढा मोठा माणूस उगाच विचार करत नाही.
घरी सांगितलं. बायको म्हणाली, बाथरूममध्ये पाणी तुंबतंय, ते आधी बघा. हिला मोठं काही दिसतच नाही.

६ फेब्रुवारी
संकल्प : शंभर टक्के हजेरी. शहरातली एकूण एक गाडी, एकूण एक मशीन मैदानात. आमच्या ज्युनिअर इंजिनिअर मॅडम (वय माझ्या निम्मं, शंका दुप्पट) म्हणाल्या, मग त्या दिवशी शहरात काम कोण करणार? म्हटलं, एक दिवस शहराने दम धरावा.

८ फेब्रुवारी
मीटिंग. हेल्पलाइनचा फोनसुद्धा स्टॉलवर ठेवायचा. आयडिया माझी. तक्रार लोकांसमोर घ्यायची, पथक लोकांसमोर सोडायचं. मॅडमना पुन्हा शंका. त्यांना मिनिट्स लिहायला बसवलं.
बाथरूम : रविवारी नक्की.

१२ फेब्रुवारी, रात्री
रविवार गेला. बायको बोलत नाही. एका परीने बरंच, भाषण पाठ होतंय.

१७ फेब्रुवारी
सगळ्या गाड्या मैदानात ओळीने लागल्या. डोळ्यांचं पारणं फिटलं. गेट ओकंबोकं दिसत होतं, म्हणून मंडपवाल्याकडून लोखंडी स्वागतकमान वेल्ड करून घेतली. वर अक्षरं : ‘आपल्या सेवेत अहोरात्र’. मॅडम म्हणाल्या, हिच्याखालून माणसं जातील, गाड्या जाणार नाहीत. म्हटलं, गाड्या आत आल्यात ना? आता बाहेर जायचंय कुणाला? मॅडम टेप काढून कमानीची उंची मोजत बसल्या.

१८ फेब्रुवारी, सकाळी
गर्दी बरी. मुलं रोलरवर चढून फोटो काढतायत. आयुक्त खूश. तेवढ्यात स्टॉलवर फोन वाजला. मी मुद्दाम स्पीकरवर टाकला. कुणी बाई. ड्रेनेजचं पाणी बाथरूममधून उलटं येऊन हॉलपर्यंत पोचलं, म्हणे. मी अत्यंत नम्रपणे सांगितलं, ताई, घाबरू नका, पथक निघालंच आहे. मग बाईंनी सगळ्यांदेखत माझा उद्धार केला. कामचुकार, थापाड्या, रविवारी बघतो म्हणत वेळ मारून नेणारा. हल्ली लोक अधिकाऱ्यांशी फारच घरगुती बोलतात. आवाज ओळखीचा वाटला. पण तक्रारदारांचे आवाज एकसारखेच असतात.
पत्ता मॅडमनी लिहून घेतला. आयुक्त म्हणाले, चला, तुमचं पथक बघू या.

त्याच दिवशी, दुपारी
ड्रेनेज साफ करणारी गाडी कमानीत अडकली. पुढे जाईना. मागे रोलर, रोलरचा ड्रायव्हर जेवायला. लोक टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, प्रात्यक्षिक आहे. मी माइकवरून तसंच जाहीर केलं. प्रसंगावधान म्हणतात ते हे. शेवटी मॅडमनी गॅस कटर मागवून कमान कापली आणि गाडीत चढून बसल्या. आयुक्त त्यांच्या मागोमाग. मी कागदावरचा पत्ता तेव्हा वाचला. धावतच गाडी गाठली.

त्याच दिवशी, संध्याकाळी
आयुक्त माझ्या हॉलमध्ये पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे होते. बायकोने त्यांना स्टूल दिलं आणि चहा दिला. मला दोन्ही नाही. मॅडमनी चेंबर उघडून बघता बघता पाणी उतरवलं. एकंदरीत बरंच झालं म्हणायचं. आयुक्तांचे पाय घराला लागले, संबंध वाढले. ऑर्डर पक्की.
संकल्प : कायम झाल्यावर मोठं मन करून मॅडमना चांगला शेरा देणे.

२८ फेब्रुवारी
ऑर्डर निघाली. उपअभियंता, कायम : मॅडम. मी आता प्रभारीसुद्धा नाही. उद्यापासून त्यांच्या हाताखाली. मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं, बसा म्हणाल्या, अगदी आदराने. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं.
घरी सांगितलं. बायको जवळ येऊन बसली, पाठीवर हात ठेवला. कितीतरी दिवसांनी नीट बोलली. म्हणाली, किचनचं सिंकही हल्ली तुंबतंय, त्या मॅडमचा नंबर द्या.
दिला.